'वेस्टवर्ड द विमेन' पाहिलेल्यांसाठी: कोणता प्रसंग घेऊन तुम्ही उठलात?

जुने वेस्टर्न चित्रपट म्हटले की आपल्याकडे ठरावीक चार-पाच नावे निघतात, आणि त्या बहुतेकांत बायकांच्या वाट्याला खिडकीचा पडदा बाजूला सारून रस्त्याकडे पाहण्यापलीकडे फारसे काम येत नाही. 'वेस्टवर्ड द विमेन' हा एमजीएमचा 1951 सालचा कृष्णधवल चित्रपट त्या नावांत सहसा नसतो. दिग्दर्शक विल्यम वेलमन. कथा मात्र फ्रँक काप्राची, ज्याला हा चित्रपट खरे तर स्वतःच करायचा होता. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्ष 1851. कॅलिफोर्नियातल्या एका खोऱ्यात रॉय व्हिटमन नावाच्या माणसाने वस्ती वसवली आहे, शेती-बागा उभ्या राहिल्या आहेत, पण वस्तीत सगळे पुरुषच. मग व्हिटमन बक वायट नावाच्या कडक वाटाड्याला बरोबर घेऊन शिकागोला जातो, तिथून एकशे चाळीसच्या आसपास बायका निवडतो आणि गाड्यांचा तांडा पश्चिमेकडे निघतो. तिघींपैकी एक वाटेत मरेल हे वायट त्यांना निघण्यापूर्वीच तोंडावर सांगतो.

मी तो पहिल्यांदा नव्वदच्या दशकात पाहिला. दिवसभर कार्टून दाखवणारी वाहिनी रात्री टीएनटी होत असे आणि तिच्यावर एमजीएमचे जुने चित्रपट लागत, हे त्या पिढीतल्यांना आठवत असेल. मी तेव्हा अकरावीत होते, दूरचित्रवाणीचा आवाज घरच्यांच्या झोपेसाठी जवळजवळ बंद केलेला होता, आणि तरीही गाडीचे दोर धरून उतारावर मागे रेलणाऱ्या त्या बायकांचे दमलेले श्वास मला ऐकू येत आहेत असे वाटत होते. रॉबर्ट टेलर त्यात नायक आहे हे मला सकाळी आठवावे लागले. दोर मात्र आठवत होते.

तेव्हा विनंती अशी, की हा चित्रपट आपण कुठे, कोणाबरोबर पाहिला आणि त्यातले नेमके काय आपल्याजवळ राहिले ते सविस्तर लिहावे. कथानकातले मृत्यू आणि शेवट पुढे येणारच आहेत, हे न पाहिलेल्यांनी लक्षात घ्यावे.

साताऱ्याहून, निवृत्त शिक्षिका

माझ्या मुलीने हा चित्रपट मला सात-आठ वर्षांपूर्वी दाखवला. शिकागोतला सुरुवातीचा प्रसंग आठवा. सभागृहात एका फळ्यावर वस्तीतल्या पुरुषांची छायाचित्रे लावलेली आहेत, आणि प्रवासाला पात्र ठरलेली प्रत्येक बाई पुढे जाऊन ती न्याहाळते, विचार करते आणि त्यांतले एक उचलते. मी मुलीला तिथे चित्रपट थांबवायला लावला, कारण मला जरा पाणी प्यायचे होते.

1974 साली माझे लग्न ठरवायचे चालले होते तेव्हा माझे एक छायाचित्र काढले होते. स्टुडिओत कागदी फुलांची कुंडी, मागे रंगवलेला जिना, अंगावर मावशीची शालूवजा साडी, आणि छायाचित्रकाराने चार वेळा सांगूनही हनुवटी खाली न गेल्यामुळे चेहऱ्यावर आलेली किंचित चीड. ते छायाचित्र पत्रिकेबरोबर पाकिटात घालून नऊ घरी गेले. काहींनी परत पाठवले, काहींनी ठेवून घेतले आणि काही कळवलेच नाही. मुलाचे छायाचित्र आमच्या घरी पाठवायची पद्धत नव्हती. तो पोहे खायला येईल तेव्हाच दिसायचा. त्यामुळे पडद्यावर तीस-चाळीस पुरुष फळ्यावर टाचलेले आणि बायका त्यांच्यापुढून सावकाश चालताहेत हे पाहताना मला हसू आले, आणि मग ते हसू बराच वेळ आवरेना. मुलगी म्हणाली, आई, हा प्रसंग विनोदी नाही. मी म्हटले, तुला नसेल.

सोलापूर जिल्ह्यातून, यंत्र अभियंता

माझे आजोबा गावातले सुतार होते आणि बैलगाडीची चाके हा त्यांचा मुख्य धंदा होता, त्यामुळे या चित्रपटाकडे मी बायकांच्या बाजूने पाहू शकलो नाही याबद्दल आधीच क्षमा मागतो. मी चाकांकडे पाहत होतो.

लाकडी चाकात मधोमध तुंबा असतो, त्यातून आरे निघतात, आऱ्यांवर लाकडी कडे बसते आणि त्यावर लोखंडाची धाव चढते. धाव मुद्दाम किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, फुगलेली असतानाच सांडशीने चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकसताना ती सगळे लाकूड असे आवळते, की एकही खिळा न मारता चाक घट्ट होते. पण उन्हाळ्यात लाकूड सुकले की तीच धाव सैल पडून खडखडू लागते. मग आजोबा चाके ओढ्यात दोन दिवस बुडवून ठेवायला सांगत. अमेरिकेच्या कोरड्या पठारावरून जाणाऱ्या तांड्यांनाही हाच त्रास होता आणि उपायही हाच होता: नदी लागली की चाके पाण्यात. पुढे वाळवंट आणि हाताशी पाणी नाही, अशा वेळी चाक मोडले तर ते नशिबाने मोडत नाही, लाकडाच्या स्वभावाने मोडते.

त्यामुळे एका गाडीत बाळंतपण चालू असताना चाक मोडते आणि बाहेरच्या बायका ती गाडी खांद्यांनी तोलून धरतात, हा प्रसंग मला जराही नाटकी वाटला नाही. उतारावर गाड्या दोरांनी मागे ओढून धरत खाली सोडण्याचा प्रसंगही तसाच. आमच्याकडे घाट उतरताना गाडीच्या मागे ओंडका बांधत किंवा चाकात दांडा अडकवत, आणि मागे दोघे-तिघे लोंबकळत असत. गाडी ओढून नेण्यापेक्षा ती अडवून धरणे कितीतरी अवघड आहे, हे दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवतो. पडद्यावर खेचरे आहेत. खऱ्या तांड्यांत बहुतेकांच्या गाड्यांना बैल असत, कारण बैल स्वस्त पडत, वाटेतल्या हलक्या गवतावर निभावत आणि चिखलातही नेटाने ओढत. खेचरे वेगाने जातात म्हणून पडद्यावर शोभतात, एवढेच. बैल असते तर माझ्या आजोबांनी हा चित्रपट पुन्हा पुन्हा लावायला सांगितला असता.

नागपूरहून

मी टेलरसाठी गेलो होतो. त्याच वर्षी 'क्वो वादिस' आणि पुढच्या वर्षी 'आयव्हॅन्हो' करणारा हा देखणा माणूस इथे धुळीने माखलेला, दाढी वाढलेला आणि सदा वैतागलेला दिसला. बंदुकांची वाट पाहत बसलो आणि मधेच झोपलो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र जागा राहिलो, आणि तांड्यावर इंडियनांचा, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा, हल्ला होतो ती लढाई वेलमनने जवळजवळ दाखवलेलीच नाही हे तेव्हा लक्षात आले. वायट परततो तेव्हा सगळे होऊन गेलेले असते.

पुण्याहून, ध्वनिमुद्रक

नागपूरकरांनी जिथे सोडले तिथूनच मी पुढे लिहितो, कारण माझा प्रसंग तोच आहे.

या चित्रपटात नामावलीच्या वेळचे संगीत सोडले तर पार्श्वसंगीत नाही. 1951 सालच्या हॉलिवूडमध्ये हे किती धाडसाचे होते याची कल्पना आज येणार नाही. त्या काळी एखादे पात्र जिना चढले तरी व्हायोलिने त्याच्याबरोबर चढत. इथे त्या जागी आस करकरतात, खेचरे फुरफुरतात, साखळ्या वाजतात आणि वारा वाहतो. विद्यार्थी असताना मी हा चित्रपट चित्रपटगृहात पाहिला नाही, वसतिगृहात मित्राच्या संगणकावर पाहिला, तोही डोक्यावर हेडफोन घालून. आणि तसा पाहिला हे बरेच झाले.

हल्ल्यानंतर व्हिटमनही मेलेला आहे. वायट जिवंत राहिलेल्या बायकांना मेलेल्यांची नावे सांगायला लावतो. त्या दरीत जिथे जिथे उभ्या आहेत तिथून एकेक जण आपल्यापाशी पडलेल्या बाईचे नाव मोठ्याने उच्चारते. एक नाव जवळून येते, एक खूप लांबून, एक खडकावर आदळून पुन्हा ऐकू येते. ध्वनिपट्टी एकच आहे, डावे-उजवे काही नाही, तरी केवळ आवाजाच्या जवळ-दूर असण्याने त्या दरीची रुंदी मला डोळे मिटूनही सांगता आली असती. कोणी रडत नाही, कोणी प्रार्थना म्हणत नाही. नाव आणि नंतरची शांतता, एवढेच. ध्वनीच्या वर्गात शांतता वापरायला शिका असे आम्हाला पुष्कळदा सांगितले गेले होते. ती कशाच्या शेजारी ठेवायची हे मला त्या रात्री कळले.

मी ती नावे कागदावर उतरवून काढायचा प्रयत्न केला होता. अर्ध्यावर सोडून दिला, कारण लिहिताना मी नाव ऐकत होतो आणि माणूस ऐकेनासा झाला होता.

रत्नागिरी जिल्ह्यातून, प्रसूतिगृहात 31 वर्षे काम केलेली परिचारिका

मला त्या बाळंतपणाबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. रोझ ही तांड्यातली अविवाहित गरोदर शिक्षिका. तिचे पहिलेच बाळंतपण आहे आणि पहिलटकरणीला बारा-चौदा तास सहज लागतात. बायका गाडी तोलून धरतात ती शेवटच्या टप्प्यात, असे धरून चालू. तेवढाही वेळ काही थोडा नसतो.

पण या प्रसंगात कॅमेरा गाडीच्या आत फारसा घुटमळत नाही, याबद्दल मी दिग्दर्शकाला मनातून नमस्कार केला. चित्रपटांतली बाळंतपणे पाहून मला नेहमी राग येतो, कारण त्यांत एक किंकाळी, एक गरम पाण्याचे पातेले आणि लगेच धुतलेले गुटगुटीत बाळ असते. इथे बाहेरच्या बायकांचे चेहरे आहेत. प्रत्यक्षात असेच असते. मी सुरुवातीची वर्षे एका आडवळणाच्या उपकेंद्रात होते. पावसाळ्यात साकव वाहून गेला की वाहन पलीकडेच राहायचे आणि बाईला डोलीत घालून आणायचे. डोली वाहणारे चौघे पुरुष पडवीत भिजलेले बसून असत, आणि आतून रडणे ऐकू आले की त्यांच्या खांद्यांतली ताठर कमान एकदम सैल व्हायची. त्या गाडीखालच्या बायकांचे खांदे तसेच सैल होताना मी पाहिले आणि मला त्या पडवीचा ओला वास आला.

चित्रपटाने रोझला शिक्षा केली नाही, हेही सांगायला हवे. त्या काळच्या चित्रपटांत लग्नाआधी आई झालेली बाई सहसा शेवटच्या रिळापर्यंत जगत नसे. ही जगते, आणि मूल कडेवर घेऊन वस्तीत उतरते.

मुंबईहून

सगळ्यांचे कौतुक वाचून झाल्यावर मी थोडे बिनसवते.

तांड्यातल्या एका मुलीवर सोबतच्या भाडोत्री पुरुषांपैकी एक जण अत्याचार करतो आणि वायट त्याला तिथल्या तिथे गोळी घालतो. नियम आधीच सांगितलेला होता, तो त्याने पाळला, इथपर्यंत ठीक. पण हाच वायट पुढे फिफीशी, म्हणजे डेनिस दार्सेलने केलेल्या फ्रेंच नर्तकीशी, इतका दांडगाईने वागतो की मला पडद्याकडे पाहवेना, आणि चित्रपट त्याला प्रेम म्हणतो. शिवाय हल्ला होतो तो हे दोघे तांड्यापासून दूर असताना. म्हणजे एका बाईने मर्यादा सोडली आणि म्हणून इतर बायका मेल्या, असा हिशेब कळत-नकळत मांडला जातो. एका हाताने बायकांना चाबूक, बंदूक आणि लगाम द्यायचे आणि दुसऱ्या हाताने जुनाच न्याय लावायचा, ही 1951 सालची चलाखी आहे. मी हा चित्रपट माझ्या मैत्रिणींना दाखवते, पण मध्यंतराचा चहा त्या प्रसंगाच्या वेळी ठेवते.

धागा काढणारीकडून: आपले म्हणणे मला पटते. माझी एवढीच भर, की दोष तिच्यावर जितका येतो त्याहून जास्त वायटवर येतो असे मला दर वेळी वाटत आले आहे. नावे पुकारली जात असताना ती ऐकण्याची शिक्षा तोच भोगतो. पण चहाची वेळ आपण अचूक निवडली आहे.

सॉल्ट लेक सिटीहून

हा चित्रपट युटामधल्या कानाब या छोट्या गावाभोवती चित्रित झाला. आमच्या घरापासून दक्षिणेला साधारण पाच तासांची वाट आहे. कानाबला लोक कौतुकाने छोटे हॉलिवूड म्हणतात, कारण अनेक दशके वेस्टर्न चित्रपटांची पथके तिथे मुक्काम ठोकून असत, आणि रस्त्याकडेला त्या नटनट्यांच्या नावांचे फलक लावलेले आहेत.

मी तिथे पोचलो आणि माझी पहिली प्रतिक्रिया फसवणूक झाल्याची होती. सगळे लाल आहे! विटकरी, शेंदरी, कुठे गुलाबी, कुठे जांभळट कडे, आणि संध्याकाळी तर निखाऱ्यासारखे. चित्रपटात मी हीच माती राखाडी पाहिली होती आणि ती राखाडी माझ्या डोक्यात इतकी पक्की बसली होती, की खरा रंग मला खोटा वाटला. कॅमेरामन विल्यम मेलर याने हा सगळा रंग डोळ्यांआड करून फक्त ऊन आणि धूळ ठेवली. थोडे थांबल्यावर मला ते पटले. रंगीत असता तर तो प्रदेश बायकांपेक्षा देखणा दिसला असता.

भूगोलाची गफलत मात्र मोठी आहे. कॅलिफोर्नियाकडे जाणारी खरी वाट इथून बरीच उत्तरेला होती. ती प्लॅट नदीच्या काठाने, साउथ पास नावाच्या खिंडीतून आणि पुढे नेवाडातल्या हम्बोल्ट नदीच्या कडेने जात असे, आणि ती नदी वाळवंटात जिरली की चाळीस मैल पाण्याचा थेंब नसे. तिथे वाटेत टाकून दिलेल्या गाड्या, पेट्या आणि जनावरांचे सांगाडे यांची वर्णने त्या काळच्या रोजनिशींत आहेत. चित्रपटात बायकांना वाळवंटापूर्वी गाड्यांतले सामान फेकावे लागते, ते तिथून आलेले आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. कानाबच्या परिसरात दक्षिणी पायूट लोकांची पिढ्यान् पिढ्या वस्ती होती. चित्रपटात इंडियन येतात ते चेहऱ्याशिवाय, नावाशिवाय, वादळ यावे तसे. 1840 ते 1860 या वीस वर्षांत या वाटांवर इंडियनांकडून मारल्या गेलेल्या प्रवाशांची संख्या साडेतीनशेच्या थोडी वर धरली जाते आणि प्रवाशांकडून मारल्या गेलेल्या इंडियनांची त्याहून अधिक, सव्वाचारशेच्या आसपास. वाटेवर माणसे मेली ती मुख्यतः पटकीने, नदीत बुडून, गाडीखाली येऊन आणि स्वतःच्याच बंदुकीचा घोडा चुकून दाबला गेल्याने. यांतला शेवटचा प्रकार चित्रपटाने दाखवला आहे, आणि तोच मला त्यातला सर्वांत खरा मृत्यू वाटतो. बायका बंदूक चालवायला शिकत असताना चुकून सुटलेल्या गोळीने एका विधवेचा लहानगा मुलगा टोनी मरतो.

नाशिकहून, इतिहासाचे प्राध्यापक

बायकांची अशी मोहीम खरेच निघाली होती का, असे मला विद्यार्थी विचारतात. नेमकी अशी नाही. पण 1849 साली एलिझा फार्नहॅम या बाईंनी न्यूयॉर्कहून शंभरावर स्त्रियांना जहाजाने कॅलिफोर्नियाला नेण्याची योजना जाहीर केली होती. पत्रके निघाली, चर्चा झाली आणि प्रत्यक्षात जहाजावर चढल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे 1864 आणि 1866 मध्ये एसा मर्सर याने पूर्वेकडच्या तरुणींना सिअ‍ॅटलला नेले. गरज तर होतीच. 1850 च्या जनगणनेत कॅलिफोर्नियातल्या नोंदल्या गेलेल्या लोकांत स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते.

दुसरा प्रश्न इटोचा. हेन्री नाकामुराने केलेला हा बुटका जपानी आचारी तांड्यातला एकमेव माणूस आहे जो वायटला तोंडावर चूक म्हणतो. 1851 साली जपान परदेशगमनाला बंद होता, तेव्हा तिथला माणूस अमेरिकेत कुठून आला, अशी शंका रास्त आहे. पण योगायोग असा, की त्याच 1851 च्या प्रारंभी समुद्रात भरकटलेल्या एका जपानी गलबतावरची माणसे अमेरिकी जहाजाने वाचवून सान फ्रान्सिस्कोला आणली होती आणि त्यांतला हिकोझो हा मुलगा पुढे जोसेफ हेको म्हणून अमेरिकेचा नागरिक झाला. लेखकांना हे ठाऊक होते की स्टुडिओला नाकामुरा हाताशी हवा होता, याचा निकाल मी दुसऱ्या शक्यतेकडे झुकून देतो. याच वर्षी एमजीएमच्या 'गो फॉर ब्रोक' या युद्धपटात तो चमकला होता.

टोरांटोहून, मूळची कोल्हापूरची

माझी आई माझ्या बाळंतपणासाठी इकडे आली तेव्हा तिला इंग्रजीचा गंध नव्हता. शेजारी एक इटालियन आजी राहत. त्यांचेही इंग्रजी यथातथाच. दोघी दुपारी मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसत, आई मराठीत आणि त्या इटालियनमध्ये बोलत, आणि संध्याकाळी आई मला त्यांच्या सुनेच्या सगळ्या तक्रारी सविस्तर सांगत असे. त्या तिला कशा कळल्या हे मला आजही कोडे आहे.

एका रविवारी मी हा चित्रपट लावला. आईला संवाद कळत नव्हते म्हणून मी मधेमधे सांगत होते. पण मिसेस मोरोनी, म्हणजे इंग्रजी न येणारी आणि मुलाला बरोबर घेऊन निघालेली विधवा, पडद्यावर आली की आई मला हाताने गप्प करत असे. टोनी गेल्यावर ती बाई त्याच्या मातीजवळून हलत नाही, तिला अक्षरशः बांधून न्यावे लागते. आई म्हणाली, "तिला कुणीतरी तिच्या बोलीत उठ म्हणायला पाहिजे होतं." त्यावर काय बोलावे मला सुचले नाही. शेवटी वस्तीत तिला तिच्या भाषेत हाक मारणारा माणूस भेटतो तेव्हा आई डोळे पुसत म्हणाली, "उशीर झाला, पण आला." दुसऱ्या दिवशी तिने ही कथा शेजारच्या आजींना सांगितली. मराठीत. त्याही रडल्या.

लातूरहून

माझा प्रसंग शेवटचा आहे. तांडा वस्तीच्या उंबरठ्याशी येतो आणि बायका थांबतात. फाटक्या, मळक्या वेषात आम्ही त्या पुरुषांसमोर जाणार नाही, आम्हाला कापड आणून द्या, असे त्या वायटला बजावतात. तो एवढ्या वाटेवरून त्यांना हाकत आला आहे, पण इथे मुकाट जातो आणि वस्तीतून मिळेल ते, टेबलावरची आच्छादनेसुद्धा, गोळा करून आणतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि मदतीसाठी गेलेल्या मुलांच्या एका तुकडीत होतो. शहरांतून जुन्या कपड्यांचे ढीग येत होते. त्यांत पंजाबी पोशाख होते, झगे होते, लोकरीचे कोट होते. नऊवारी लुगडी फारच थोडी. एक म्हातारी तीन दिवस त्याच धुळीने भरलेल्या लुगड्यात बसून होती आणि आम्ही दिलेला झगा तिने नीट घडी करून बाजूला ठेवला होता. आम्हा मुलांना वाटले की बाई हट्टी आहे. आमच्याबरोबरच्या एका ताईंनी कुठूनसे लुगडे आणि फणी मिळवून तिला दिली. ती पत्र्याच्या आडोशाला गेली, बराच वेळाने डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली, आणि मग म्हणाली, "हां. आता विचारा काय विचारायचं ते." तोवर पंचनाम्याच्या एकाही प्रश्नाला तिने उत्तर दिले नव्हते.

हा चित्रपट मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी पाहिला. होप इमर्सनने केलेली ती धिप्पाड पेशन्स, सहा फूट दोन इंचांची, जहाजी नवऱ्याची विधवा, नव्या शिवलेल्या कपड्यांत वस्तीतल्या पुरुषांसमोर उभी राहते आणि बघायचे तेवढे बघा, पण निवड आम्ही करणार, अशा अर्थाचे काही ऐकवते. चित्रपटगृहात लोक इथे हसत असतील. मला ती म्हातारी आठवते आणि पंचनाम्याची वही हातात धरून ताटकळलेला मी आठवतो.

साताऱ्याहून, पुन्हा

लातूरच्या भाऊंचे वाचून आणखी थोडे लिहिते. माझे ते छायाचित्र सापडले. थोरल्या भावाच्या घरी जुन्या पत्रांच्या ट्रंकेत होते आणि त्याने ते मागच्या आठवड्यात पाठवले. हनुवटी अजून तशीच वर आहे. मागच्या बाजूला तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पेन्सिलीने लिहिलेले आहे. एकाने 'सावळी' लिहिले आहे. एकाने 'उंच वाटते' लिहून खाली रेघ मारली आहे. तिसरे अक्षर माझ्या सासऱ्यांचे, ते मी कुठेही ओळखीन. त्यांनी फक्त 'पोचला' आणि तारीख लिहिली आहे.